पुलावरची बस

रविवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि सोप्यातून माझाच आवाज आला. "पूल उडवा. एक बी गाडी पलीकडं जाता कामा न्हाय. शहर आपलं हाय, आपल्याला परत पायजे."

पिठाच्या हातानंच बाहेर आले. आप्पा, माझे वडील, खुर्चीत बसून फोन कानाला लावून ऐकत होते. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यो तुझाच आवाज न्हवं?"

माझाच होता. सोबत नदीवरच्या कुठल्याशा पुलाचा फोटो होता आणि खाली कन्नडात लिहिलं होतं, यांचा डाव ऐका. आप्पांना हे कंग्राळीच्या एका भाऊबंदानं पाठवलं होतं, त्याला कुणी पाठवलं देव जाणे. भाकरी तव्यावर जळाली ती जळालीच.

आधी हे सांगायला हवं की तो पूल कुठंच नाही. ते शहरही नाही. लढाऊ विमानांचा एक व्हिडिओ गेम आहे, त्याचे बरेच भाग निघालेत, आणि त्यातले सगळे देश मनानं रचलेले आहेत. खंड वेगळं, समुद्र वेगळे, झेंडे वेगळे. पण गोष्ट मात्र ओळखीची वाटते. कुठंतरी बंद खोलीत दोन माणसांनी करार केलेला असतो, कुणाचं तरी गाव पलीकडं गेलेलं असतं, आणि मग वीस-बावीस वर्षांची पोरं विमानं घेऊन एकमेकांच्या मागं लागतात. एका भागात जे शत्रू असतात, दुसऱ्या भागात त्यांच्याच बाजूनं खेळायचं असतं. ही गोष्ट कळते ती वायरलेसवरच्या बोलण्यातून. विमान उडवता उडवता कानात कुणी घरची आठवण काढतं, कुणी चेष्टा करतं, आणि पुढच्या क्षणी तोच आवाज बंद होतो. मारामारीपेक्षा मला ती बडबडच जास्त आवडायची.

मी बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर ज्या सुट्या भागांची मापं घेते ते म्हणे विमानात बसतात. मी अजून विमानात बसलेले नाही. माझ्याच विभागात बैलहोंगलकडच्या एका खेड्यातली मुलगी लागली आणि आमच्या वरच्या खोलीत राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली होती. आई गेल्यापासून घरात मी आणि आप्पा दोघंच, त्यामुळं तिच्या पायांचा आवाज बरा वाटायचा. ती मला आक्का म्हणायची. घरी कन्नड बोलणारी, इथं आमच्यात राहून आमच्यासारखंच मराठी बोलायला लागली होती. तिच्या वडिलांनी तिला बेळगावात नोकरी करू दिली ती एका अटीवर. काही वेडंवाकडं कानावर आलं की त्या दिवशी पिशवी भरायची आणि गावी यायचं. पुढं लग्न. हे ती हसत सांगायची, पण हसताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

आम्ही दोघी तो गेम खेळायचो आणि त्याचं चॅनेल चालवायचो. खेळातले मूळ आवाज बारीक करायचे आणि आमचे घालायचे. मी आपल्या बाजूची वैमानिक, ती शत्रूकडची. शत्रू तिनंच मागून घेतला होता. "चांगली विमानं त्यांच्याकडंच असत्यात, आक्का." मी मराठीत बोलायचे, ती कन्नडात, कारण खोटं सगळ्यात चांगलं आपापल्या भाषेतच बोलता येतं. पुढच्या भागात बाजू बदलणार होतो. बघणारी शे-दोनशे पोरंपोरी, बहुतेक इथलीच, दोन्ही भाषा येणारी, त्यांना मजा यायची. आपली बाजू मराठी आणि शत्रू कन्नड! बेळगावात जन्म काढून यात काय पेटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

दहा वाजेपर्यंत तिचाही आवाज फिरायला लागला होता. कन्नड ग्रुपांवर मी पूल उडवत होते आणि मराठी ग्रुपांवर ती कन्नडात म्हणत होती, "एक इंच जमीन सोडणार नाही." खेळाचं चित्र कुणीतरी काढून टाकलं होतं, नुसते आवाज ठेवले होते. दोन्हीकडच्या शहाण्यांनी आपल्याला हवा तेवढा तुकडा कापून घेतला होता. अनोळखी नंबर वाजायला लागले. पहिल्याला मी समजावून सांगितलं. दुसऱ्यानं आईवरून शिवी दिली तेव्हा मी त्याला त्याच्याहून मोठी दिली, आणि आप्पांनी फोन काढून घेतला. गल्लीच्या तोंडाला दोन मोटरसायकली येऊन थांबल्या होत्या. कोण होते, कुठल्या बाजूचे, कळत नव्हतं. ती जिन्यावर बसली होती, ना वर जात होती ना खाली येत होती.

दुपारी पोलिसांची जीप आली. फौजदारसाहेब बूट काढून आत आले, पाणी प्यायले. कन्नडात सुरुवात केली, आप्पा तोंड फिरवून बसलेले बघून हिंदीवर आले. निपाणीकडं कुणीतरी बसवर दगड टाकला होता, म्हणाले, आणि तिकडच्या बसा थांबवल्या होत्या. तुमच्यामुळंच असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळपर्यंत एक व्हिडिओ टाका. हा खेळ आहे असं सांगा आणि माफी मागा, कन्नडात आणि मराठीत. नाहीतर उद्या दोघींनाही ठाण्यात यावं लागेल, जबाब होईल, कारखान्यालाही कळवावं लागेल.

जीप वळली तसे आप्पा उठले. जन्मभर फाउंड्रीत राबलेला आणि उरलेला वेळ सीमालढ्यात घातलेला माणूस. एक नोव्हेंबरला काळी फीत बांधून मोर्चात गेले नाहीत असं एक वर्ष नाही. पाठीवर लाठ्यांचे वळ घेऊन घरी आलेले मी लहानपणी बघितलेत.

"माझ्या सोप्यात हुबं ऱ्हाऊन कन्नडात माफी? जल्मात न्हाय."

मलाही तेच म्हणायचं होतं. जो देश नाही, त्यातला जो पूल नाही, तो मी उडवला नाही, आणि माफी कुणाची मागू? डोक्यात तिडीक गेली होती. पण जिन्यावरून ती म्हणाली, "माझ्या अप्पांचा फोन आलता. ते बसमध्ये बसल्यात. पिशवी भरून ठेव म्हणाले."

माफीचं तिथंच राहिलं.

तिचे वडील चारच्या सुमाराला आले. उंच, वाळलेले, कर्नाटकच्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, अजूनही शर्टाच्या खिशात पेन. दोन वर्षांत ते दोनदाच आले होते, आणि आप्पांशी त्यांचं बोलणं नमस्काराच्या पुढं गेलं नव्हतं. मी पुढं केलेल्या खुर्चीत ते बसले नाहीत. मुलीला म्हणाले, "बा यव्वा." चल पोरी.

ती जागची हलली नाही. खाली बघून म्हणाली, "एकदा सगळं ऐका. कापलेलं न्हाय, सगळं. मग जाऊ."

मला वाटलं, ते मानणार नाहीत. पण त्यांनी दाराबाहेर बघितलं, मोटरसायकली अजून तिथंच होत्या, आणि ते बसले. मी टीव्हीवर तो भाग लावला. चौघंजण बघत बसलो. आधी नकाशा आला. त्यांनी विचारलं, हे कुठलं राज्य. तिनं सांगितलं, कुठलंच नाही. मग समुद्र, ढग, खाली नदी आणि पूल. टीव्हीतून मी ओरडले, पूल उडवा, आणि खरी मी मान खाली घालून बसले. मग तिचा आवाज, एक इंच जमीन सोडणार नाही. हा तुकडा सगळ्या गावानं ऐकला होता.

पुढचा कुणी ऐकला नव्हता. टीव्हीवर पुलावरून मुंगीएवढ्या गाड्या चालल्या होत्या. गेम बनवणाऱ्यांनी त्या नुसत्या शोभेला ठेवलेल्या. तिचा आवाज कन्नडात म्हणत होता, थांबा, पुलावर एक बस आहे. शेवटची बस आहे. मी कंडक्टरची मुलगी आहे, मला माहीत आहे, शेवटच्या बसमध्ये बाजाराची माणसं असतात. ती पलीकडं जाईपर्यंत कुणी गोळी झाडायची नाही. ना आपण, ना त्यांनी. आणि मराठीत माझा आवाज, "ठीक हाय. बस जाऊ दे. तवर मी बी थांबते." मग आम्ही दोघी आकाशात नुसत्या गोल गोल फिरत राहिलो होतो, आणि बघणाऱ्यांनी खाली हसण्याची चित्रं टाकली होती. हे सगळं तिनंच ऐनवेळी रचलं होतं. मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

तिच्या वडिलांनी हात वर केला. मी टीव्ही बंद केला.

"तुला त्या बसचं कुणी सांगितलं?" त्यांनी तिला विचारलं.

"अव्वानं," ती म्हणाली. तिच्या आईनं.

मग ते भिंतीकडं बघत कन्नडात बोलायला लागले. आप्पांना कन्नड मराठीइतकंच येतं, त्यामुळं मला मध्ये पडावं लागलं नाही. एकदा निपाणीच्या अलीकडं जमावानं त्यांची दिवसातली शेवटची बस अडवली होती. बसच्या कन्नड पाट्यांना काळं फासलं आणि त्यांना खाली उतरवून मराठीत घोषणा द्यायला लावली. आत पन्नास माणसं होती, रोजच्या ओळखीची. सगळी खिडकीतून पलीकडच्या शेतात बघत राहिली. ते ओरडले. मोठ्यानं ओरड म्हणाले, मग मोठ्यानं ओरडले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेही एकदाच.

"म्हणून मी हिला न्यायला आलोय," ते म्हणाले. "उद्या हिला असंच उभं करतील."

आप्पांनी काही बोलू नये असं मला वाटत होतं, कारण मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते मराठीतच बोलले.

"आमचीबी लई माणसं झोडपल्यात. आमच्या पाट्या फोडल्यात. आणि मी बसा अडवल्यात, खोटं कशाला बोलू? पण कंडक्टरच्या अंगाला हात लावला न्हाय कधी."

"हात लावायला लागत नाही," तिचे वडील म्हणाले. हे त्यांनी मराठीत म्हटलं.

बाहेर मोटरसायकलवरचं एक पोर खोकलं. आप्पांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदा बघितली. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम.

मी म्हटलं, मी व्हिडिओ करते. एकटीच करते. चॅनेल माझ्या नावावर आहे, हिचं तोंडसुद्धा दिसायला नको. तिनं कन्नड वाक्यं सांगितली, मी पाठ केली. फोन कुणी धरायचा? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आप्पा उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "मी फकस्त धरतोय. माझं काय म्हणणं न्हाय त्यात."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. नमस्कार म्हटलं. हा एक खेळ आहे म्हटलं. क्षमा या शब्दापर्यंत आले आणि तो तोंडातून निघेना. रडू नव्हतं ते, संताप होता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकले. फोनमागून आप्पांचे डोळे दिसत होते, आणि मला वाटलं, बाहेरच्या सगळ्या माणसांसमोर मला या भिंतीशी उभं केलंय आणि सगळे शेताकडं बघतायत.

"थांब," तिचे वडील म्हणाले.

ते खुर्चीतून उठले. शर्ट खाली ओढून नीट केला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. मग मुलीला हाक मारली. ती आली ती जवळजवळ पळतच, आणि माझ्या उजव्या बाजूला चिकटली.

"काका, तुम्ही नका," मी म्हटलं. "तुमच्या गावात बघतील."

"बघू देत. असं एकटीनं उभं राहायचं नसतं."

आप्पांनी फोन वर केला, खाली केला, दोन पावलं मागं गेले, दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, "पाव्हणं, जरा आत सरका. तिघं मावत न्हाईसा."

पाव्हणं आत सरकले. आणि मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलले, आधी कन्नडात, मग मोडक्या मराठीत. ही माझी मुलगी. ही हिची आक्का. दोघी विमानांचा खेळ खेळतात. त्यातला देश या जगात नाही, मी आताच सगळा खेळ बघितलाय. त्यात एक बस आहे, तेवढी खरी आहे. ती या दोघींनी जाऊ दिली. कुणाला वाईट वाटलं असेल तर आम्ही तिघं क्षमा मागतो.

त्यानंतर मला तो शब्द म्हणता आला. दोन्ही भाषांत आला.

व्हिडिओ टाकला. फौजदारसाहेबांचा फोन आला, ठीक आहे म्हणाले, आठवडाभर चॅनेल बंद ठेवा. पुढं त्याखाली शिव्याही आल्या आणि चांगलंही आलं, ते मी फार वाचलं नाही. त्या संध्याकाळी आम्हाला कळायचं होतं ते एवढंच की ती आता जाणार की राहणार, आणि विचारायचं धाडस कुणालाच होत नव्हतं. मी चहा ठेवला. आप्पांनी आपल्या हातानं कप नेऊन तिच्या वडिलांना दिला. दोघं शेजारी शेजारी बसून चहा प्यायले.

कप खाली ठेवून तिच्या वडिलांनी तिला विचारलं, "उद्या कामाची कुठली पाळी?"

"पहिली," ती म्हणाली. "सहाला कंपनीची गाडी येते."

"मग लवकर झोप," ते म्हणाले, आणि आप्पांकडं वळून विचारलं, बैलहोंगलला जायला आता एक बस मिळेल ना?

मी कप उचलून आत गेले आणि मोरीत उभी राहून हुंदके देऊन रडले.