विजेच्या घरातल्या सपाता

बोळिंजच्या राऊतांच्या घरी लीलाताई स्वयंपाकघरात रबरी सपाता घालून वावरतात, हा विषय सोसायटीतल्या बायकांनी पार चघळून टाकलेला. देवापुढे दिवा लावतानाही पायात सपाता! सासू होती तोवर तिने यावरून घर डोक्यावर घेतलं. नवरा काशिनाथ आधी चिडला, मग हात जोडून मोकळा झाला. मुलगा नीलेश पाहुण्यांना सांगायचा, आईला वाताचा त्रास आहे. वात कसला नि काय! लीलाताईंचे पाय एक्याऐंशीव्या वर्षीही ठणठणीत आहेत. पण ओली फरशी दिसली की त्यांना मागून अनवाणी पावलं येताना ऐकू येतात, चपक, चपक. वळून पाहिलं तर कुणी नसतं. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही आणि नवरा तर दहा वर्षांपूर्वी गेला.

या सपातांचं मूळ निर्मळ गावच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात होतं. एकसष्ट वर्षांपूर्वी एका वीज कंपनीने केळीच्या वाडीत तो बांधला. गावांतून वीज नुकती येत होती आणि तिच्यावर लोकांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून हे नमुन्याचं घर. विजेची शेगडी, फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र, बटण दाबलं की टिंग-टाँग करणारी घंटा. लोक बैलगाड्या जोडून बघायला येत. दार लावल्यावर फ्रीजमधला दिवा खरंच विझतो का, यावर एका म्हाताऱ्याने अख्खी दुपार वाद घातला होता.

यंत्रं चालवून दाखवायला कंपनीने दोन मुली नेमल्या. वाडवळ आळीतली लीला शेगडीवर रांधून दाखवायची, आणि पलीकडच्या ख्रिस्ती आळीतली मटिल्डा लोपीस कपडे धुऊन. दार उघडायचं कामही मटिल्डाचं. "या, या, विजेच्या घरात या!" असं ती अशा काही ठसक्यात म्हणे की पोरं पुन्हा बाहेर जाऊन घंटा वाजवीत. दोघींची गट्टी इतकी की डबा एकीचा उघडला तरी जेवत दोघी. कंपनीच्या साहेबाचा नियम एकच होता: यंत्राला हात लावायचा तर पायात रबरी सपाता हव्यात. आणि पहिल्याच वर्षी, दसऱ्याला, मटिल्डा त्या यंत्रापाशी मेली. बंगल्याला टाळं लागलं ते लागलंच.

गेल्या वर्षी एका संस्थेने तो विकत घेऊन पूर्वीसारखा करायला घेतला. त्या कामावर होती लीलाताईंची नात कृतिका. आजीने तिथे काम केलं होतं हे कळल्यापासून, एकदा तिथे चल म्हणून ती आजीच्या मागे हात धुऊन लागली. लीलाताई सहा महिने नाहीच म्हणत राहिल्या. मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कृतिकाने भिंतीवर लावायच्या फलकाचा मजकूर वाचून दाखवला.

"'मटिल्डा लोपीस या मुलीने नियम मोडून सपाता काढल्यामुळे तिचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.' बरोबर आहे ना, आजी?"

"हे कुठून आणलंस तू?"

"कंपनीच्या चौकशीचे कागद मिळाले. त्यात तुझीच साक्ष आहे की! उद्या तिची बहीण ॲंजेलापण येणार आहे. तिच्या हातूनच पडदा काढायचाय."

"तो फलक लावू नकोस."

"का? चुकीचं आहे काही?"

मटिल्डाची आई त्या चौकशीनंतर पंधरा वर्षं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. पोरगी बेशिस्त होती, स्वतःच्या हाताने मेली, असं गाव बोलायचं. आता तेच भिंतीवर कायमचं लागणार, आणि धाकट्या बहिणीच्या हातून. पडदा निघायच्या आत बोलायला हवं होतं. आज रात्री, आत्ता नातीसमोर, बोलता आलं असतं. नाही आलं.

"मी येते उद्या," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. बंगला बघून लीलाताई फाटकातच थांबल्या. इतकं हुबेहूब कशाला करायचं माणसाने! तोच फिका हिरवा रंग, तीच खिडकीची कडी, ओट्यावर तीच शेगडी. स्वयंपाकघराच्या दाराशी चपलांची रांग लागली होती. एका मुलीने लगबगीने पुढे येऊन त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"आजी, सपाता इथेच काढा हं. आत पूजा मांडलीय."

आणि लीलाताईंनी काढल्या. पूजा म्हटल्यावर हात आपोआप खाली गेला. फरशी आत्ताच पुसलेली होती. कपडे धुण्याच्या यंत्राला झेंडूची माळ होती, कपाळाला लावावं तसं बरोबर मध्यावर हळदकुंकू होतं. वायर बोर्डाला लावलेली होती. एकसष्ट वर्षांनी त्यांचा उघडा तळवा ओल्या फरशीला टेकला.

त्या दसऱ्याला अशीच पूजा त्यांनीच मांडली होती. दसऱ्याला घरातल्या कोयत्या-कुदळीला हळदकुंकू वाहतात, मग ही एवढाली यंत्रं तशीच ठेवायची? वीस वर्षांच्या लीलाने पहाटे येऊन फरशी धुतली, माळा घातल्या, शेगडीवर शिरा ढवळायला पाट टाकून त्यावर उभी राहिली. मटिल्डा नेहमीसारखी सपाता फटफटवीत आत आली.

"अगं, आज पूजा आहे त्याची! सपाता घालून हात लावतेस?" लीला ओरडली होती.

"साहेब वराडल ना?"

"साहेब अकराला येणार. काढ आधी!"

मटिल्डाने हसत सपाता काढून दाराबाहेर भिरकावल्या. ओल्या फरशीवरून चपक चपक करीत ती यंत्रापाशी गेली. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली होती. लीला लाकडी पाटावर होती, तिला काही झालं नाही. शिरा करपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. नंतर साहेबाने विचारलं, सपाता कुणी काढायला सांगितल्या? ती म्हणाली, "मला ठाऊक नाही."

टिंग-टाँग!

घंटा वाजली. लीलाताईंना वाटलं, आता मटिल्डा म्हणणार, या, या. दार उघडलं, आणि ओसरीतून मटिल्डाचा आवाज आला, "कोन हाय का आत?"

त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. मागून अनवाणी पावलं आली, चपक, चपक. या वेळी वळल्यावर तिथे माणूस होतं. पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली सत्तरीची बाई. ॲंजेला. बहीण मेली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. आवाज मात्र तोच. ती लीलाताईंकडे न बघता सरळ यंत्राकडे गेली.

"हेच का ते?" म्हणत तिने हात पुढे केला.

"हात लावू नको!"

लीलाताई इतक्या जोरात किंचाळल्या की ओसरीतली माणसं दारात जमली. त्यांनी ॲंजेलाचं मनगट पकडून तिला मागे खेचलं आणि वायर बोर्डातून ओढून काढली. "सपाता घाल! आधी सपाता घाल!"

"आजी, अगं आत मोटरच नाहीये त्याच्या," कृतिका घाबरून म्हणाली. "नुसतं दाखवायला आहे."

ॲंजेला मनगट चोळीत त्यांच्याकडे बघत राहिली. "तू लीलाबाय ना? मटिल्डाची मैतरीन?"

"मैत्रीण कसली," लीलाताई म्हणाल्या. "मी पूजा केली होती. मीच तिला सपाता काढायला लावल्या. साहेब ओरडेल म्हणत होती ती. आणि विचारल्यावर मी, मला ठाऊक नाही म्हटलं."

ॲंजेलाने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"आई मरेपर्यंत सांगायची," ती शेवटी म्हणाली, "माझी पोर न ऐकनारी नव्हती. कुनाला पटलं नाही. मलापन नाही पटलं, लीलाबाय. मी आईशी भांडले त्यावरून."

लीलाताईंना वाटलं, हिने मारावं, निदान ओरडावं तरी.

"शेवटचं काय बोलली ती?"

हे मात्र त्यांना कुणीही, अगदी साहेबानेही, विचारलं नव्हतं.

"म्हणाली, फरशी किती गार लागते गं. मी म्हटलं, थोडा वेळच तर आहे."

ॲंजेलाने खाली आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग कृतिकाकडे वळून म्हणाली, "पोरी, भिंतीवरचं ते काढ. पडदाबिडदा मी काय ओढनार नाही."

कृतिका जाऊन आजीच्या सपाता घेऊन आली आणि वाकून त्यांच्या पायापाशी ठेवल्या. लीलाताईंनी त्या पायानेच बाजूला सारल्या.

"राहू दे. कागद घे आणि लिही," त्या म्हणाल्या. "सपाता मटिल्डाने आपणहून काढल्या नाहीत. लीलाने काढायला लावल्या. लिहिलंस? वाच बघू ॲंजेलाला. मोठ्याने वाच."