पाठीवर टाकलेलं मंगळसूत्र

परवा नात मला छातीचा एक्सरे काढायला घेऊन गेली. तिथली पोरगी म्हणाली, "आजी, गळ्यात काही असेल तर काढून ठेवा." मला हसूच फुटलं... अगं बाई, हेच वाक्य बोलून बोलून माझी जीभ झिजली होती!

पन्नास सालानंतरचं कोल्हापूर. नवरा गेल्यावर मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. नाडी बघायची, श्वास मोजायचे, एक्सरेच्या मशीनपुढं माणूस नीट उभा करायचा... दिवसभर एकच जप, श्वास घ्या, धरा, सोडा. संध्याकाळी माझ्याच अंगात त्राण उरायचं नाही.

अशाच एका वैतागलेल्या दुपारी कुरुंदवाडहून सासू-सून आल्या. सून पद्मा, जेमतेम विशीची, खोकून खोकून अर्धी झालेली. क्षय निघाला तर तिला मिरजेच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवावं लागणार, आणि घरी अंगावर पिणारं लेकरू... तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पडद्याआड नेऊन मी तिला मंगळसूत्र काढायला सांगितलं. तिनं 'व्हय' म्हणून मान हलवली, आणि एक्सरे काढून झाला. पण डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडात धरली आणि कपाळालाच हात लावला. फुप्फुसावर दोन पांढऱ्या वाट्या! बाईसाहेबांनी मंगळसूत्र पाठीवर टाकून वरून पदर घेतला होता. समोरून दिसलं नाही म्हणजे मशीनलाही दिसणार नाही, असं तिला वाटलं.

खरं सांगते, असा राग आला मला... एक तर फिल्म मिळायची मारामार, त्यात माझे पाय तुटायला आलेले. डॉक्टर म्हणाले, वाट्यांच्या जागी डाग असला तर कळायचा नाही, परत काढावा लागेल.

"मी न्हाय काढणार," पद्मा रडायलाच लागली. "त्यास्नी काय झालं म्हंजे?" माझा गळा तर मोकळाच.

सासू बाहेर बाकावर होती, ती तडक आत आली. "डोकं फिरलंय काय तुजं? लेकराला आई नगो व्हय?" म्हणत तिनं स्वतःच ते सुनेच्या गळ्यातून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी हात मागं घेतला. तेव्हा हळदीकुंकवाला मला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे... "माझ्या हातात नको," म्हटलं. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. तिला कळलं.

"धर की गं बाई! मी हिला धरून हुबी ऱ्हाते. लटलट कापाय लागलीय." आणि माझ्या तळहातावर ठेवून तिनं माझी मूठ मिटली. मंगळसूत्र अजून कोमट होतं.

तशीच मूठ धरून मी म्हटलं, श्वास घ्या... धरा... आणि माझाही श्वास अडकला तो फिल्म धुऊन येईपर्यंत. डॉक्टर आले, म्हणाले, छाती साफ आहे. सासू खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

मी मूठ उघडून पद्मापुढं धरली. तिनं मंगळसूत्र घेतलंच नाही... केस बाजूला केले आणि माझ्यापुढं मान वाकवली. "तुमीच घाला." घालताना ते तिच्या केसांत अडकलं, ते मी एकेक केस बाजूला करून सोडवलं.

परवा मशीनपुढं उभी राहिले. माझ्या गळ्यात काढण्यासारखं काहीच नव्हतं. पण ती पोरगी "श्वास धरा" म्हणाली, आणि माझी मूठ आपोआप मिटली...