रक्त चांगलं दिसलं पाहिजे

एका माणसाने आयुष्यात जेवढे धक्के खावेत, तेवढे सगळे मला माझ्या एका आतेबहिणीने एकटीने दिले आहेत. बाकीच्या जगासाठी तिने काही शिल्लकच ठेवलेलं नाही. ती मूळची उंब्रजची, माझ्याहून चांगलीच मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती माणसाचं शरीर स्वतःवरच का उलटतं याचा शोध घेते. मी सांगलीला बँकेत असतो. रक्ताचं सोडा, शर्टावर कोकमाचं सार सांडलं तरी मला दरदरून घाम फुटतो. अशा माणसाला अशी बहीण देताना देवाच्या मनात काय होतं कोण जाणे.

भेटल्यावर लोक 'कसा आहेस' म्हणतात. ताई म्हणते, "नखं दाखव." चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात. आष्ट्याच्या एका लग्नात नवरीच्या मामीने तिला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर ताईने ते बोटच धरलं, मांडवाबाहेरच्या उजेडाकडे वळवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का हो?" मामींचा चेहरा त्या कुंकवासारखा लाल झाला. पुढे त्यांना खरंच औषध सुरू करावं लागलं आणि त्या अजून दर उन्हाळ्यात ताईला पापड पाठवतात, हा भाग वेगळा. त्याच लग्नात ताईने आपली बर्फाची पेटी आचाऱ्याच्या तंबूत सावलीला ठेवली होती. वरपक्षाच्या एका जाडजूड गृहस्थांनी कुल्फीच्या आशेने तिचं झाकण उघडलं. आत ओळीने रक्ताच्या नळ्या. गृहस्थ जे मटकन खाली बसले, ते पंगत उठेपर्यंत उठले नाहीत. त्यांना वारा घालायचं सोडून ताई विचारत होती, "झाकण किती वेळ उघडं होतं?"

तिच्या कामात उंदीर लागतात. त्यामुळे गणपतीत आम्ही सगळे मूर्तीकडे बघून आरती म्हणतो, तेव्हा ही खाली बघून त्याच्या वाहनाला हात जोडत असते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माफी ज्याची मागायची त्याचीच मागावी." पुरणपोळीच्या पंगतीत तिच्या शेजारी बसायला तर कुणीच धजत नाही. एकदा बसलो आणि तुझं काम नेमकं काय ते सांग म्हणालो. ताई पुण्यात शुद्ध बोलते, पण घरच्या पाटावर बसली की उंब्रज बोलायला लागतं. "ह्ये बग, राखणीला कुत्रं पाळलंस. चोर आला की त्येनं चावावं. पन ते घरच्याच मान्साचा लचका तोडाय लागलं तर? कुनाच्या सांध्यांचा, कुनाच्या कातडीचा, कुनाच्या मूत्रपिंडाचा. कुत्रं पिसाळल्यालं नसतंय रं. ते घरच्यास्नी वळखायचं इसरतंय. का इसरतं, तेवढंच मला हुडकायचंय." मी हातातला घास ताटात ठेवला. तिने माझी पोळी उचलली आणि तूप वाढून घेतलं.

आता या सगळ्या विक्षिप्तपणाच्या तळाशी काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नसे. ताईची आई, म्हणजे माझी थोरली आत्या, ताई शाळेत असताना गेली. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठायचे, मग सांधे धरले, मग अंगावर सूज आली. गावाने करणी म्हटलं, काहींनी नजर म्हटलं, आणि एक शहाणी बाई तर मांडीवर हात मारून म्हणाली, "काळजी करून करून सोताच्या हातानं वडवून घेतलं." ताई तेव्हा दारात उभी होती. तिच्या मनात तेव्हा 'का' म्हणून जो प्रश्न शिरला तो आजतागायत निघालेला नाही.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात तिने थोरल्या आत्याच्या हयात असलेल्या दोन्ही भावंडांचं रक्त मागितलं. एक आष्ट्याचे माझे चुलते, अण्णा. फौजेतून निवृत्त, वीस गुंठ्यांपासून वाढवलेला ऊस, आवाज असा की पाटाचं पाणी थबकावं. अण्णा ऐन मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. फौजेची शिस्त, असं आम्ही समजत होतो. दुसरी, त्यांच्याकडेच राहणारी माझी धाकटी आत्या, बोटं वाकडी झालेली. "आईचं रक्त आता मिळायचं न्हाई," ताई मला फोनवर म्हणाली, "ह्या दोघांचंच राह्यलंय." तिला पुण्यातून निघता येत नव्हतं, म्हणून सांगलीहून रक्त काढणारा माणूस आणि ती बर्फाची पेटी घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये म्हणून ताईचा नियम कडक होता. नळीवर नाव नाही, बाईमाणूस की बाप्यामाणूस तेही नाही, फक्त नंबर. सुई बाहेर निघताच मी रस्त्याकडे तोंड करून ओसरीवर बसलो. शेजारचा तालमीतला पैलवान एकदा आत जाऊन आला, आणि जेवणं झाल्यावर दुसरा शर्ट घालून पुन्हा आत गेला. मला वाटलं, अण्णांना धरायला बोलावला असेल.

काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. "तू खुर्चीवर बसलायस का?" म्हणाली. "लॅबचं म्हणणं असं हाय, की तुझे अण्णा आन् तुझी धाकटी आत्या एकच मानूस हाय. आन् तो मानूस बाप्या हाय. आन् माज्या थुकीशी ताडून बगितलं, तर त्याचं आपल्या घराण्याशी काडीचं नातं न्हाई." मी खुर्चीवर बसलेला होतो म्हणूनच वाचलो.

दुसऱ्याच दिवशी ती आष्ट्यात थडकली, मी मागोमाग. अण्णा अजिबात ओशाळले नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर कर्तबगारीचं तेज होतं. "आगं, आपल्या घरचं रगत पुन्याला जानार! मोठमोठं डाक्टर बगनार!" ते म्हणाले. "तितं ते वंगाळ दिसून चालंल व्हय? पाव्हणं आलं की आपन फुटक्या कपातनं च्या देतो का? गल्लीत सगळ्यात चांगलं रगत ज्याचं, त्येचं दिलं." धाकटी आत्या मान डोलावत होती. एकाच माणसाने दोनदा रक्त कसं दिलं, असं मी विचारलं, तर खुलासा झाला की दुपारी लॅबवाल्याला ओळख पटू लागताच पैलवान 'मी त्याचा जुळा भाऊ' म्हणाला होता. तेवढ्यात तो स्वतःच दारात उभा राहिला. त्याला आपला रिपोर्ट हवा होता. ताईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तुझं रगत लय झ्याक हाय बाबा. तूच माजा मामा, आन् तूच माजी मावशी!" पैलवानाला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं कळलं आणि तो खुशीत तालमीकडे गेला.

आम्ही हसलो. ताई हसली नाही. ती अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसली. "मामा, माज्या आईच्या अंगात काय झालं ते मला बगायचंय. पैलवानाच्या अंगात काय न्हाई झालं ते बगून मी काय करू? तुमी दोगं गेलात की मी कुनाला इचारू?"

अण्णांनी धाकट्या आत्याच्या वाकड्या बोटांकडे एकदा बघितलं. मग त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं. बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं कोड. आम्ही त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो, त्यांच्या हातचा मार खाल्ला, पण तो हात उघडा कधी पाहिला नव्हता. काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या, कारण घरात लग्नाची मुलगी होती आणि दार सताड उघडं होतं. "दार लावू का?" मी विचारलं. "नगं," अण्णा म्हणाले. "घे पोरी. पायजे तेवढं घे." धाकट्या आत्याने न बोलवता आपला वाकडा हात त्यांच्या शेजारी ठेवला.

ताईने दोघांचं रक्त स्वतः काढलं आणि नळ्या पेटीतल्या बर्फात नीट रोवल्या. मग तिने स्वतःची बाही वर सरकवली आणि सोबत आणलेल्या लॅबवाल्याला म्हणाली, "आता माझं." पहिल्यांदाच मी मान फिरवली नाही. तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, खालून निळसर. तिनेही माझ्याकडे बघितलं आणि चटकन म्हणाली, "बर्फ रं, बर्फात हात घातला म्हनून." पण धाकट्या आत्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. ती हलकेच म्हणाली, "थोरलीची बी आशीच व्हायची. थंडीत धुनं धुतलं की." मला जन्मभर मिळालेले सगळे धक्के एकत्र केले तरी त्या एका वाक्याएवढे भरणार नाहीत. ताईच्या चेहऱ्यावर मात्र धक्का नव्हता. तिला हे केव्हापासून ठाऊक होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

ती औषधं घेते, काम सोडत नाही. "सापडलं का?" असं विचारलं, तर "अजून न्हाई," म्हणते. अण्णा आता अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतात. गेल्या संक्रांतीला ताई सांगलीला आली. गारठा होता. तिळगूळ द्यायच्या आधी तिने सवयीने हुकूम सोडला, "नखं दाखव." मी हात मागे घेतले.

"आधी तुझी," म्हणालो.

ती जरा घुटमळली. मग शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि मी तपासावेत म्हणून माझ्यापुढे धरले. मला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून ते ऊबदार होईपर्यंत मी नुसते धरून ठेवले.