सुनंदाच्या डुकरांचा पोळा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीबाहेरच्या आमच्या शेडमध्ये डुकरांना खाद्य घालत होते. खाद्याची वेळ म्हणजे नुसता कल्ला. तिचा भाऊ काय सांगतोय ते पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. बोरीला आईकडे गेली होती, दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही... डुकरं खाऊन लवंडली, शेड शांत झाली, तरी मी रिकामं घमेलं धरून उभीच होते.

आम्ही दोघी जनावरांच्या डॉक्टर. तिचा विषय डुकरांच्या आतड्यातले जीवाणू. गावठी काळं डुक्कर आणि विलायती पांढरं, दोघांना एकच खाद्य घाला. काळ्याच्या पाठीवर चरबीचा जाड थर चढतो, पांढरं लांबरुंद होतं पण चरबी बेताचीच. यात जातीचं किती आणि पोटातल्या जीवाणूंचं किती, एवढंच तिला शोधायचं होतं. लोक नाकं मुरडत. ही मात्र दुपारच्या उन्हात, सगळी शेड पेंगत असताना, एखाद्या काळ्या मादीच्या पोटाला कान लावून बसायची. आत गुडगुड चाललेली. "ऐक, केवढं गाव नांदतंय आत," म्हणायची... आणि बोलता बोलता तिचेच डोळे मिटायचे. अशा वेळी तिला हाक मारणं माझ्या जिवावर यायचं.

घरचं मात्र अवघड होतं. घर माळकरी, शेतीवाडीतलं. बोरीला गेली की आधी अंगणात अंघोळ, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. "लेक डॉक्टर हाय म्हनून सांगते मी. कशाची, ते न्हाई सांगत," मावशी, म्हणजे तिची आई, तोंडावर म्हणायच्या. सुनंदा हसण्यावारी न्यायची. पण तिला एकच हवं होतं, मायनं एकदा येऊन आपलं काम बघावं. ही आस तिनं कधी लपवली नाही.

आणि मागच्या पोळ्याला मावशी आल्या, न सांगता. आम्ही प्रयोगशाळेतून परतलो तर डोक्यावर पदर घेऊन बाई शेडमध्ये उभ्या, हातात रिकामी दुरडी.

"घरचे बैल तर इकले. पोरगं ट्रॅक्टरला कुकू लावायलंय. ट्रॅक्टर काय पोळी खातंय व्हय? म्हनलं, माझ्या लेकीची जनावरं हायेत की!"

पुरणपोळ्या, वर तूप, काळ्या-पांढऱ्या सगळ्यांना! विष्ठेचे नमुने घ्यायचे तर आधी कित्येक आठवडे ठरलेल्या खाद्याशिवाय दाणाही घालायचा नसतो. वर्षभराचा सगळा प्रयोग पाण्यात. मी कपाळावर हात मारला. सुनंदा मात्र मायच्या हाताकडे बघत होती. तो एका काळ्या मादीच्या पाठीवर होता.

"माय, वरीस घालवलंस की माझं!"

"मंग आधी सांगावं न्हाई का? फुडच्या टायमाला करंज्या आनते."

मायलेकी हसत सुटल्या. मग मीही हसले, दुसरं करणार काय!

सुनंदानं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आतच ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर बोरीला गेले. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या पोळीनं लेकराचं वरीस खाल्लं गं," एवढंच परत परत. मला गलबलून आलं, थोडा रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. म्हटलं, "चला माझ्यासोबत."

प्रयोगशाळेत आणून मी फ्रीझर उघडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुनंदानं तरीही नमुने घेतले होते, प्रयोगाला काडीच्या उपयोगाचे नाहीत. जागा पुरेना म्हणून मी फेकायला निघाले की ती अंगावर यायची... "हात लावू नको त्यांना. माझी माय आली होती तेव्हाचे आहेत ते." हे मी मावशींना जसंच्या तसं सांगितलं आणि हातमोजे घालून डबा बाहेर काढला. त्याच्यावरून पांढरी वाफ खाली उतरत राहिली.

"डुकराची घान हाय न्हवं ही?"

"हो मावशी."

त्यांनी पदराची जाड घडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी डबा त्यात ठेवला. क्षणभर त्यांनी तो छातीशी घेतला, मग गडबडीनं माझ्याकडे दिला.

"ठेव गं आत लवकर... इतळंल."