सर्व्हर बंद करणाऱ्या काकू

सर्व्हर चालू करणारे आमच्या साखर कारखान्यात पुष्कळ होते. तो बंद कसा करावा हे मात्र काकूंकडूनच शिकावं. त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या काकूच. उसाच्या गाड्यांचे नंबर आणि वजनकाट्याच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असत, तो बंद करायला बसल्या की त्या खुर्चीवरून हलत नसत. चहा गार होई, फोन वाजून वाजून थांबे. कोणी घाई केली की म्हणत, "त्याला नीट जाऊ दे की. निघालेल्या पाव्हण्याला कोन ढकलतं का?"

काकू गोड स्वभावाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. झाडलोट करताना कोणी सर्व्हरचा प्लग काढू नये म्हणून त्यांनी सॉकेटशेजारी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'हात लावशील तर बघ.' एकदा खुद्द एका साहेबांनी तिथं मोबाईल चार्जिंगला लावायचा प्रयत्न केला. साहेबांनाही तेच वाक्य, फक्त 'लावशील तर बघ'च्या जागी 'लावाल तर बघा' करून, तोंडी ऐकवण्यात आलं.

मी मिरजगावची, नुकती इंजिनिअर झालेली आणि अंगात घाई भरलेली. सर्व्हर बंद व्हायला वेळ लागला की मी सरळ बटण दाबायचे. काकूंनी ते पाहिलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. डेटाबेसचा सर्व्हर चालू झाला की एक बारकीशी फाईल लिहून ठेवतो. तिच्यात त्याच्या चालू कामाला कॉम्प्युटरनं दिलेला क्रमांक असतो; काम थांबलं की तो क्रमांकही बंद. काकूंच्या भाषेत ती म्हणजे दारावरची पाटी, 'आत मी आहे'. "नीट गेला तर जाताना आपली पाटी आपुन पुसून जातो. तू त्याचा गळा दाबलास तर पाटी तशीच ऱ्हाती. मग दुसरा चालू करायला गेलीस की तो म्हणतो, आत कुनीतरी हाय, मी न्हाई येत."

"मग फाईल आपणच उडवायची," मी म्हणाले.

"उडवायची. पन आधी बघायचं, तो खरंच गेलाय का. आत तो जित्ता असताना दुसरा घुसला, तर दोघं मिळून समद्या नोंदींचं वाटोळं करत्याल."

मला हे सगळं जरा म्हातारपणाचं वाटलं. मग ऐन गळीत हंगामात एका सकाळी काट्यावरचा स्क्रीन गोठला. गेटबाहेर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची लांबच लांब रांग. मी सर्व्हर बंद करायची आज्ञा दिली, पण तो बंदही होईना. रांगेचे नंबर देणारे अधिकारी माझ्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, "ती फाईल उडवा अन् दुसरा चालू करा!" माझा हात की-बोर्डवर गेलासुद्धा होता. काकू आल्या, म्हणाल्या, "थांब." त्यांनी फाईलमधला क्रमांक पाहिला, तो क्रमांक अजून चालू आहे का ते पाहिलं. चालू होता. शेवटच्या नोंदी तो अजून डिस्कवर उतरवत होता.

अधिकारी म्हणाले, "बाहेर लोक पेटलेत, काकू."

"तर मी बाहेर जाते. ही हितं बसंल. हिला कुनी बोलायचं न्हाई."

आणि त्या खरंच गेल्या. खिडकीतून मला गेट दिसत होतं. ऊसतोडीवाली एक बाई पुढं आली. "बाई, आमी कालधरनं उभं हाय. बैलं उपाशी हाईत. नंबर गेला तर आमाला परत मागं लावत्याल." काकू म्हणाल्या, "नंबर जाऊ नये म्हनूनच थांबलोय. कुनाचा हलला तर मला धरा." आणि त्या तिच्याच गाडीच्या जुवाला टेकून उन्हात उभ्या राहिल्या. लोक शिव्या देत होते, पण समोर उभ्या काकूंना द्यायच्या कशा, म्हणून कारखान्याला देत होते.

मी त्या फाईलकडे डोळे लावून बसले. काही वेळानं ती आपोआप नाहीशी झाली. सर्व्हर नव्यानं चालू केला, तर रांग जशीच्या तशी. त्या बाईची गाडी तिच्या नंबराला आत आली. मी काकूंना सांगायला धावले, तर त्या म्हणाल्या, "व्हय, कळलं. चल, चहा सांग."

पुढं काकू निवृत्त होऊन पुणतांब्याला गेल्या. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात वीज गेली, बॅकअपच्या बॅटऱ्यांनीही दगा दिला आणि सर्व्हर दणकन बंद पडला. वीज परत आली तर फाईल मागं राहिलेली, रांग गेटबाहेर. मी काकूंना फोन लावला. परत परत लावला. उचलेनात. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला. शेवटी मीच फाईलमधला क्रमांक पाहिला, शोधला, पुन्हा शोधला. तो कुठंच चालू नव्हता. मी फाईल पुसली आणि सर्व्हर चालू केला. शेवटच्या गाडीपर्यंत रांग शाबूत होती.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "झालं का चालू?"

"तुम्ही उचलला का नाही?"

"मी उचलला असता तर मीच सांगत बसले असते. तिथं आता तू हायेस. येका जागी दोघी कशाला?"

त्या हंगामानंतर मी पेढे घेऊन पुणतांब्याला गेले. काकू आत चहा टाकत होत्या. त्यांच्या सूनबाई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचा फोन वाजत हुता, आन् आत्याबाई तो मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या हुत्या. पायात चप्पल घालून, पिशवी भरून. म्हनल्या, अजून थोडा वेळ बघते, न्हाईच जमलं पोरीला तर बस पकडते."

आतून काकूंनी साखर किती घालू म्हणून विचारलं. मी पेढ्यांचा पुडा उचलला आणि आत गेले.