आत्यांची धुण्याची खोड

कारखान्यात त्यांना सगळे आत्या म्हणत. स्वच्छतेचं वेड असं, की घासलेलं भांडं पुन्हा विसळल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही. काकांचा, म्हणजे नवऱ्याचा, चष्मासुद्धा नाकावरून उतरवून धुवायच्या. आता बोला!

काम मात्र त्यांच्या जिवाभावाचं होतं. जुने पाइप, वायरींची आवरणं बारीक करून पाण्यासकट जाड लोखंडी टाकीत कोंडायची आणि सडकून तापवायची. झाकण घट्ट, त्यामुळे पाण्याला वाफ होऊन पळता येत नाही. ते तापलेलं पाणी प्लास्टिकमधलं क्लोरीन स्वतःत ओढून घेतं. मागे काळा भुगा उरतो. तो स्वच्छ धुतला की जळणाला चालतो, क्लोरीनचा जीवघेणा धूर होत नाही. आधी हेच प्लास्टिक मागच्या खड्ड्यात उघड्यावर जाळायचे. काकांनी उमेदीची वर्षं तिथे घालवली आणि छातीचा भाता करून घेतला. घर कारखान्याला लागूनच, त्याची खड्ड्याकडची खिडकी तेव्हापासून चिकटपट्टी लावून बंद होती.

मालकांनी बजावलं होतं, भुगा चाचणीत उतरला नाही तर टाकी विकायची आणि खड्डा पुन्हा पेटवायचा. आणि भुगा काही उतरेना. केमिस्ट ताई भुग्यातून निथळलेल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकायची, की पाणी दुधासारखं व्हायचं. म्हणजे क्लोरीन आहेच. आच वाढवली, वेळ वाढवला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता टाकीची एकच खेप उरली होती.

घरी आत्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "जीव ओतून करते हो मी. ताई भुगा बाटलीतल्या शुद्ध पाण्याने धुते, त्यावर मी गुपचूप आणखी एकदा नळाखाली धरते, तरी मेलं..."

काकांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर ते म्हणाले, "अगं, आपल्या नळाच्या पाण्याला वास कसला येतो?"

आत्यांनी पेल्यातलं पाणी नाकाशी धरलं. पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीनच तर घालतात.

सकाळी त्यांनी ताईला सगळं सांगून टाकलं. ताईने कपाळावर हात मारला आणि मग आत्यांनाच मिठी मारली. शेवटच्या खेपेचा भुगा तिने एकटीने धुतला. आत्या हात पाठीमागे बांधून उभ्या, हातांचा भरवसा नव्हता ना! थेंब पडला. पाणी नितळच राहिलं.

घरी निकाल ऐकून काका उठले, चिकटपट्टी सोलली आणि खिडकी ढकलली. तावदानांवर काजळीचा थर होता. आत्यांचा हात आपसूक बादलीकडे गेला आणि तिथेच अडखळला.

"धू गं," खिडकीपाशी खुर्ची ओढत काका म्हणाले. "नळाच्याच पाण्याने धू."