जिभाऊंचा ओला फडका

जिभाऊंनी कुणाच्या लग्नात कधी अत्तर लावून घेतलं नाही. मांडवाच्या दारात अत्तरदाणी घेऊन उभा असलेला माणूस पुढे आला की हे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत आणि हसत आत शिरत. वधूपक्षाकडची माणसं रुसायची. "आमचं अत्तर हलकं वाटलं का साहेबांना?" जिभाऊ म्हणत, "नाही हो, अत्तर चांगलंच असंल. पण मन्हं नाक सरकारी शे. उद्या सकाळी त्याला कामावर जायचंय."

ते खरंच होतं. धुळ्याच्या आरटीओ कचेरीत जिभाऊ मोटार वाहन निरीक्षक होते आणि मी तिथेच टेबलावर कारकून. गाडी पासिंगला आली की बाकीचे साहेब आधी दिवे बघत, हॉर्न वाजवून बघत. जिभाऊ गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर हात टेकत, डोळे मिटत आणि वास घेत. मग बाजूला, मग बॉनेटपाशी. तंबाखू नाही, पान नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. गाडीवाला नमस्कार करून कंटाळायचा, पण वास घेऊन होईतो जिभाऊ त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "पेट्रोल गळतंय," एवढं बोलून ते गाडी परत पाठवायचे. गाडीवाला तणतणायचा, थेंबभर पेट्रोलनं काय होतं म्हणायचा. तेव्हा जिभाऊंचं ठरलेलं वाक्य यायचं, "आग काय सांगीसन येस का भो?"

आग काय सांगून येते का! दिवसातून कितीदा ऐकलं असेल मी हे. तेव्हा कान किटायचे. आता कुणी म्हणावं म्हणून जीव आसुसतो, तर म्हणणारं कुणी उरलं नाही.

ते अमळनेरकडच्या खेड्यातले. कचेरीत स्वच्छ शहरी मराठी बोलत, पण राग आला किंवा माया आली की अहिराणी. मी जळगावची, आमच्या घरात अहिराणी नव्हती. ती मला जिभाऊंनीच शिकवली. वयानं माझे वडील शोभले असते, तरी मला अक्का म्हणत. मी चिडायचे. "अहो, मी काय म्हातारी झाले का?" तर म्हणायचे, "तू रागावस तव्हय अक्काच दिसस." आता यावर काय बोलणार, कप्पाळ?

आमचा उन्हाळा माहीत नसलेल्यांना एक गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात खानदेशातलं ऊन माणसाला भाजून काढतं, तिथे गाडीची काय कथा. पेट्रोलची गाडी भर दुपारी धावताना पाइपातल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची, पंपाला ते ओढता यायचं नाही, आणि गाडी चार आचके देऊन रस्त्यात उभी राहायची. लग्नसराईचे दिवस, आत वऱ्हाड, नवरदेव घामानं भिजलेला, मुहूर्त टळायला आलेला. त्यावर जिभाऊंचा तोडगा होता. पेट्रोलच्या पंपाला ओला फडका गुंडाळायचा आणि वाटेत पाणी मारत राहायचं. पंप थंड राहतो, गाडी चालते. धुळ्यापासून नरडाण्यापर्यंत एकेका ड्रायव्हरला त्यांनी हे दाखवून दिलं होतं. कुणाकडे फडका नसला तर स्वतःचा रुमाल भिजवून बांधायचे. ड्रायव्हर लोक त्याला जिभाऊंचा फडका म्हणत, आणि जिभाऊ मिशीतल्या मिशीत खूष होत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आमच्या रस्त्यांवर एक नवी मिनीबस आली. कंपनीचं नाव घेत नाही. पेट्रोलवर चालणारी, इंजिन ड्रायव्हरच्या बगलेतच, पत्र्याच्या झाकणाखाली. दिसायला छान, लोक हौसेनं घेऊ लागले. मग पहिल्याच उन्हाळ्यात एक जळाली, नंतर आणखी एक. दोन्ही वेळा एकच निकाल लागला: ड्रायव्हर बिडी ओढत असणार. तिसरी जळाली ती सुखदेवची.

सुखदेव नरडाण्याचा. अबोल, खाली मान घालून गाडी चालवणारा. बिडीला कधी हात न लावणारा. धुळ्याला येताना झाकणाच्या फटीतून जाळ आला तशी त्यानं गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं. एक म्हातारे आबा मागच्या सीटवर अडकले होते, त्यांना काढायला हा परत आत शिरला. आबा वाचले. सुखदेवचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आणि हा असा सिव्हिल हॉस्पिटलात पडलेला असताना पोलिसांनी त्याच्यावरच निष्काळजीपणाची केस घातली! लायसन गेलं, तुरुंगात जायची पाळी.

जळालेला सांगाडा आमच्या कचेरीच्या आवारात ओढून आणला, तेव्हा मी जिभाऊंबरोबर बाहेर गेले होते. ते वाकले, आत हात घातला आणि तसेच थांबले. पंपाला गुंडाळलेल्या फडक्याचा एक तुकडा उरला होता, काळा, करपलेला. जिभाऊंनी तो सोडवून तळहातावर घेतला, नाकाशी नेला; पेट्रोलचा वास मलासुद्धा आला. त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, हाऊ फडका मन्हाच शे."

मला सगळं कळलं आणि मी पटकन म्हणाले, "जिभाऊ, टाकून द्या तो. कुणी बघितलं नाही." मी म्हणालेच हो, खोटं कशाला सांगू? माझा जीव या माणसात होता. सुखदेवला तर मी तेव्हा धड ओळखतही नव्हते.

जिभाऊ रागावले नाहीत. "फडका टाकी दिधा, ते सुखदेवना हात बरा व्हतीन का?" एवढंच म्हणाले, आणि तो तुकडा तसाच हातात धरून आत गेले.

त्याच संध्याकाळी ते हॉस्पिटलात गेले. मीही गेले होते. सुखदेवची बायको कमल उशाशी वारा घालत बसली होती. जिभाऊ खाटेजवळ उभे राहिले आणि साहेबासारखं नाही, घरच्यासारखं म्हणाले, "सुखदेव, फडका बांधायला मीच सांगितलं होतं. मन्हा गुन्हा शे. माफ कर."

सुखदेवनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

जिभाऊ निघाले. रस्ताभर मी बडबडत होते, की बिचारा दुखण्यानं हैराण आहे, त्याचं मनावर घेऊ नका. त्यांचं लक्षच नव्हतं.

तीन गाड्या जळाल्या म्हटल्यावर सरकारनं चौकशी बसवली. मुंबईहून दोन मोठे अधिकारी आले. कंपनीतर्फे एक वयस्कर साहेब आणि त्यांचा एक तरुण इंजिनियर. जिभाऊंनी तो करपलेला तुकडा स्वतःच टेबलावर ठेवला. कंपनीच्या साहेबांना लॉटरीच लागली! "बघा, आमच्या गाडीला असला फडका आम्ही दिलेला नाही. आगीचं कारण समोर पडलंय."

जिभाऊ उठून उभे राहिले. "फडका बांधायला मी सांगत होतो. सगळ्यांनाच सांगत होतो. माझ्या नावानं लिहून घ्या, ड्रायव्हरच्या नावानं नको. आता माझा एक प्रश्न लिहून घ्या. मी पाण्याचा फडका बांधायला सांगितला होता. त्यात पेट्रोल कुठून आलं?"

मग त्यांनी मागणी केली, की या जातीच्या जेवढ्या गाड्या जिल्ह्यात आहेत त्यातल्या काही बोलवा, फडका काढून टाका, आणि भर दुपारी माझ्यासमोर चालू ठेवा.

तशी परीक्षा झाली. आवारात गाड्या उभ्या, इंजिनं घरघरतायत, डोक्यावर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मुंबईचे साहेब रुमालानं मान पुसत कडुनिंबाखाली उभे. जिभाऊ गाडीगाडीपाशी वास घेत फिरत होते आणि एका गाडीशी अडले. तेव्हा त्या तरुण इंजिनियरनं गळ्यातला टाय सोडला आणि सरळ जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली शिरला. त्याचे वरिष्ठ हाका मारत राहिले. बऱ्याच वेळानं तो धुळीनं माखून बाहेर आला. खाली एका पट्टीच्या धारेवर पेट्रोलचा रबरी पाइप घासला जात होता, आणि सायलेन्सरची आच लागून आणखीच चिरत होता. "गळतंय," तो म्हणाला. "दोष आमच्याकडचा आहे." नोकरीवर पाणी सोडायची तयारी असल्याशिवाय असं बोलवत नाही. जिभाऊंनी त्याला माठातलं पाणी स्वतः आणून दिलं. दुसऱ्या गाड्यांमध्येही तेच निघालं.

पावसाळ्यात निकाल आला. कंपनीनं प्रत्येक गाडीचा पाइप फुकट बदलून द्यायचा, आणि सुखदेववरची केस मागे. आम्ही कचेरीत पेढे वाटले. पण त्याच निकालात जिभाऊंवर ताशेरा होता. गळलेलं पेट्रोल फडक्यानं शोषून धरलं म्हणून आग भडकली. असा सल्ला द्यायचा निरीक्षकाला अधिकार नव्हता. बदली थेट चंद्रपूरकडे. मी संतापले. ज्यानं खरं सांगितलं त्यालाच देशोधडीला लावायचं? जिभाऊ म्हणाले, "अक्का, लिहेल शे ते खरं शे. पेट्रोल खाली सांडून गेलं असतं. फडक्यानं धरून ठेवलं."

जायच्या आधीचे दिवस त्यांनी कसे घालवले असतील? निरोप समारंभाला नाही म्हणाले, आणि एकेका गाडीतळावर जाऊन फडके सोडत फिरले. गंमत अशी की ड्रायव्हर ऐकेनात! त्यांच्या जुन्या शब्दावर लोकांचा इतका भरवसा की नवा शब्द कुणी घेईना. सरकारनं दटावलं म्हणून जिभाऊ असं बोलतायत, अशी समजूत. "जिभाऊ, तुम्हीच सांगेल व्हतं ना!" आणि जिभाऊ गाडीत डोकं घालून, "मीच सांगेल व्हतं, मीच सोडी ऱ्हायनू. मी चुकनू रे भो." एवढा मोठा अधिकारी भर चौकात, पोरासोरांसमोर, मी चुकलो म्हणत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

निघताना एसटीच्या खिडकीतून त्यांनी मला एकच विचारलं, "सुखदेव काही बोलना का?"

नाही, म्हणाले मी. दुसरं काय सांगणार?

पुढे त्यांची पत्रं यायची. तिकडचं जंगल, तिकडचा पाऊस, आणि शेवटी तोच प्रश्न. सुखदेवचे हात भरून आले होते, पण कातडं आखडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यानं विस्तवाची धास्ती घेतली होती. घरात चूल पेटायच्या वेळी तो उठून बाहेर जायचा. काडी ओढल्याचा आवाज झाला तरी अंग चोरायचा. कमलनंच मला हे सांगितलं.

जिभाऊ त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. तिकडेच, नोकरीत असतानाच, झोपेत गेले. मला त्यांचं शेवटचं दर्शनही घडलं नाही. अजून कुणी कचेरीत "अक्का" म्हणून हाक मारली की मी मान वर करते, आणि मग माझं मलाच रडू येतं. फार आठवण येते. पण देवाची एक कृपा, की बदलीनंतरच्या हिवाळ्यात ते एकदा आले होते. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा, शेवटचं.

त्या थंडीत सुखदेव अचानक माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मान खाली. "ताई, जिभाऊले कळवा. मळामा भरीत शे. त्यासले येनंच पडी."

आमच्याकडे ज्याच्याशी मनात काही अडलेलं असतं, त्याला मळ्यात भरीत खायला बोलावत नाहीत. आणि बोलावलं, तर मग बोलायचं काही उरत नाही. हिवाळ्याशिवाय भरताची वांगी नाहीत, म्हणून हा इतके महिने थांबला होता. मी त्याच दिवशी तार केली.

जिभाऊ रेल्वे, एसटी असं करत आले. वाळले होते. मळ्यात अंधारून येत होतं, गारठा चांगलाच होता. कमलनं कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग रचला, हिरवीगार वांगी शेजारी मांडली आणि काडेपेटी उघडली. मी सुखदेवकडे बघितलं. वाटलं, आता हा उठून विहिरीकडे जाईल.

तो उठला, पण कमलपाशी गेला आणि तिच्या हातातली काडेपेटी घेतली. पहिली काडी मोडली. दुसरी त्यानं आखडलेल्या बोटांत घट्ट धरली. कमल पुढे झाली, तर त्यानं मानेनं नाही म्हटलं. काडी पेटली. त्यानं ती ढिगाखाली सरकवली, आणि जाळ वर आला तरी तो मागे सरला नाही. वांगी एकेक करून आत लावली. मग वळून जिभाऊंचा हात धरला आणि त्यांना जवळ आणून बसवलं.

"बठा जिभाऊ. थंडी शे. हात शेका."

जिभाऊंनी दोन्ही हात पुढे केले आणि हमसून हमसून रडायला लागले. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही.